लंबक, वेटोळं आणि किल्लारी : भूकंपमापकाची कुळकथा

2006च्या नोव्हेंबरात नांदेड शहराला एका आवाजाने पछाडलं, आणि पुढची काही वर्षं तो अधूनमधून येतच राहिला. जमिनीखाली कुणी सुरुंग लावावा तसा धडाका व्हायचा, पत्रे थरथरायचे, मांडणीवरची भांडी वाजायची आणि माणसं रस्त्यावर यायची. धक्के लहानच होते. पण 1993चा किल्लारीचा भूकंप आठवणाऱ्या माणसाला धक्का लहान की मोठा हे घरात थांबून ठरवायचं नसतं. या आवाजाला ‘गूढ’ हे विशेषण चिकटलं. त्यातलं गूढ उकलणाऱ्या यंत्राचं घराणं मात्र तेव्हाच शंभरी ओलांडून गेलं होतं.

या घराण्याचा मूळपुरुष तर त्याहून कितीतरी जुना, चिनी आहे. इसवी सन 132मध्ये चँग हंग या विद्वानाने काशाच्या रांजणासारखं एक यंत्र केलं. हादरा बसला की त्यावरच्या एखाद्या ड्रॅगनच्या तोंडातून गोळी खालच्या बेडकाच्या तोंडात पडे. हादरा आला हे त्यावरून कळे. तो किती वेळ टिकला, कसा वाढला, कसा ओसरला, याची नोंद मात्र मागे राहत नसे.

नोंद ठेवायची तर अडचण मोठी होती. जमीन हलली की यंत्रही हलतं, टेबलही हलतं, बघणाराही हलतो. मग मोजायचं कशाच्या तुलनेत? उत्तर लातूर-नांदेड एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ड्रायव्हरने गाडी झटक्यात पुढे घेतली की पाय गाडीबरोबर जातात आणि धड मागेच राहतं. जड वस्तू जागा सोडायला नाखूश असते. जड लंबक टांगला की जमीन हलते आणि लंबक क्षणभर जागीच राहतो. दोघांमधला हा फरक कागदावर उमटवला की झाला भूकंपमापक.

जॉन मिल्न हा इंग्रज अभियंता टोकियोत शिकवत होता. 1880मध्ये योकोहामाला धक्का बसला आणि मिल्न व त्याचे सहकारी अशा यंत्रांच्या मागे लागले. 1889मध्ये जपानमधल्या एका भूकंपाची खूण चक्क जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या लंबकावर उमटली. पृथ्वीच्या एका टोकाचा निरोप दुसऱ्या टोकाला मिळतो, हे त्यावरून कळलं. आसामच्या 1897च्या भूकंपानंतर मिल्नची यंत्रं भारतातही आली : कोलकात्याचं अलीपूर, कोडाईकनाल आणि आपल्या मुंबईची कुलाबा वेधशाळा. मराठी मुलखात हे घराणं नांदायला आलं ते असं, समुद्रकाठी.

या यंत्राला वीज शिवली ती 1906मध्ये. तोवर अनेक यंत्रांत लंबकाचं टोक कागदावर घासत चाले आणि त्या घर्षणातच बारीक हालचाली मरून जात. रशियाच्या बोरिस गोलित्सिनने लंबकाला तारेचं वेटोळं बांधलं आणि ते चुंबकाच्या ध्रुवांमध्ये ठेवलं. वेटोळं हललं की तारेत वीज खेळे. ती गॅल्व्हानोमीटर या वीज मोजणाऱ्या उपकरणाचा इवलासा आरसा फिरवी आणि आरशावरून परतलेला प्रकाश फोटोच्या कागदावर रेघ ओढी. जमिनीचा हादरा असा विजेचा संदेश झाला. एकदा वीज झाल्यावर तो मोठा करता येतो, तारेवरून दूर धाडता येतो, साठवता येतो.

1980च्या दशकापर्यंत ही युक्ती उलटी फिरली. आता लंबकाला हलूच द्यायचं नाही. तो रेसभर सरकला की सर्किट लगेच उलटी वीज सोडून त्याला जागेवर आणतं, आणि त्याला जागेवर ठेवायला किती वीज लागली तेच मोजलं जातं. द्वाड पोराचा दांडगेपणा मोजायला त्याला मोकळं सोडण्यापेक्षा, धरून ठेवायला किती जोर लागतो ते पाहावं, तसंच हे.

याच कुळातला एक शब्द आपण रोज चुकीचा वापरतो. ‘4.5 रिश्टर स्केलचा धक्का’ असं आपण म्हणतो; पण रिश्टर हे माप किलो किंवा मीटरसारखं नाही. चार्ल्स रिश्टरने 1935मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका ठरावीक यंत्राच्या रेघेवरून ही श्रेणी बांधली. तीत एक अंक वाढला की रेघेची उंची दहापट होते आणि ऊर्जा सुमारे 32 पट. 21 मार्च 2024च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला 4.5चा धक्का नांदेडलाही जाणवला. किल्लारीचा भूकंप 6.2चा होता. अंकांत फरक पावणेदोनचाही नाही, ऊर्जेत मात्र साडेतीनशे पटींच्या आसपास.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदं अंगावर आली आणि हजारो माणसं गेली. दख्खनचा खडक स्थिर, इथे भूकंप होत नाही, ही समजूतही त्याच ढिगाऱ्याखाली गेली. खरं तर 1992च्या शरदातच किल्लारीच्या परिसराला लहान धक्के बसत होते. जमीन बोलत होती. ऐकायला जवळपास यंत्रांचं दाट जाळं नव्हतं. ते विणायला सुरुवात झाली ती नंतर : द्वीपकल्पातल्या दहा वेधशाळा जागतिक दर्जाच्या झाल्या. जमिनीखाली काय आहे ते बघायला किल्लारीला 617 मीटर खोल भोकही पाडून पाहिलं, तेव्हा 338 मीटर काळ्या पाषाणाखाली जुना खडक लागला.

दाट जाळं कशाला, तर जागा ठरवायला. भूकंपाची पहिली लाट वेगाने येते, दुसरी मागून. दोघींमध्ये दहा सेकंद गेले तर केंद्र साधारण 80 किलोमीटरवर. पण ते कोणत्या दिशेला, हे सांगायला किमान तीन ठिकाणं लागतात. नांदेडच्या आवाजांचा छडा अशाच यंत्रांनी लावला : ते छोटे, अतिशय उथळ भूकंप होते. केंद्र इतकं वर असलं की पहिल्या लाटेची बारीक, जलद कंपनं वाटेत विरत नाहीत. जमिनीतून हवेत शिरतात आणि कानाला धडाका ऐकू येतो. त्यामुळे यंत्राने टिपलं आणि नांदेडकरांनी ऐकलं ते एकच होतं.

तेव्हा पुढच्या वेळी असा आवाज आला की आधी उघड्यावर या. मग घड्याळात बघून वेळ आणि ठिकाण लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयाला कळवा. यंत्राच्या रेघेशी ताडून पाहायला तेवढी नोंद पुरते; ‘गूढ’ या शब्दाचा मात्र तिथे काही उपयोग नाही.