एक तबकडी आणि एक घराणे

ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांचे गानप्रेम या शाळेला ठाऊक आहे. म्हणून साहित्याची वाट थोडी सोडून मी एका ध्वनिमुद्रिकेच्या इतिहासाविषयी बोलणार आहे. ही ध्वनिमुद्रिका आहे उस्ताद अमीर खाँसाहेबांची. ती १९६० साली हिज मास्टर्स व्हॉइसने काढली. तिच्या एका बाजूस मारवा आहे, दुसऱ्या बाजूस दरबारी. गेली पन्नासाहून अधिक वर्षे मी ती ऐकत आलो आहे. प्रथम मामांच्या रेडिओग्रामवर, पुढे कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता नातवाच्या मोबाइलवर. साधने बदलली, मारवा तसाच राहिला. इतक्या वेळा ऐकूनही एखादे गाणे शिळे का होत नाही, हा प्रश्न मला वाङ्मयाच्या प्रश्नाइतकाच गंभीर वाटतो.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगणे अगत्याचे आहे. होळकर दरबार हा गुणिजनांचा मोठा आश्रय होता. तिसऱ्या तुकोजीरावांच्या काळात धृपदिये नासिरुद्दीन खाँ येथे होते, तबलानवाज जहाँगीर खाँ येथे होते. याच दरबारात शाहमीर खाँ सारंगी वाजवीत. त्यांचा संबंध मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याशी होता. १९१२ साली जन्मलेले अमीर खाँ हे त्यांचे थोरले चिरंजीव. आई लहानपणीच गेली. वडिलांनी मुलाच्या हाती आधी सारंगी दिली, नंतर त्याला गळ्याकडे वळविले. धाकटे बंधू बशीर खाँ सारंगियेच राहिले आणि पुढे इंदूर आकाशवाणीवर वाजवू लागले.

भेंडीबाजारवाल्यांकडे मेरुखंडाची विद्या होती. तेराव्या शतकातील शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त तिचे गणित आहे. चार स्वरांची उलटसुलट मांडणी चोवीस प्रकारे होते, सात स्वरांची ५०४० प्रकारे. हे सारे पलटे घोकणे म्हणजे आपल्या घनपाठ्यांच्या पाठांतरासारखाच प्रकार. कोणाचाही गळा त्यात वाळून जावा. खाँसाहेबांचा वाळला नाही, कारण गणित त्यांनी पायाखाली ठेवले, डोक्यावर घेतले नाही. विलंबित बढतीची शांती त्यांनी किराण्याच्या अब्दुल वहीद खाँ यांच्यापासून घेतली. ताना देवासच्या रजब अली खाँ यांच्या, आणि सरगमेची रीत भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांची. या तिघांपैकी कोणाचेही गंडाबंध शिष्यत्व न पत्करता केवळ ऐकून त्यांनी हे आत्मसात केले. ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

तरुणपणी ते मुंबईत गेले. तेथे त्यांच्या काही लाखेच्या तबकड्या निघाल्या. १९३६ साली ते रायगडचे महाराज चक्रधरसिंह यांच्या पदरी राहिले. महाराजांच्या वतीने मिर्झापूरच्या एका संगीत परिषदेत गायला बसले असता पंधरा मिनिटांतच श्रोत्यांनी गलका करून त्यांना उठविले. संयोजकांनी ठुमरी गाण्याचा तोडगा सुचविला, तो त्यांनी मानला नाही. माझ्या मते या नकारात पुढची तबकडी दडलेली आहे.

तबकडीचे यंत्रशास्त्रही येथे पाहिले पाहिजे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने गायिले तेव्हापासून आपल्या संगीताला मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या चकतीचे माप लागले. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. त्या अवधीत अब्दुल करीम खाँ किंवा केसरबाई यांनी चमत्कार करून दाखविले हे खरे. पण ते चमत्कार अभंगाच्या जातीचे होते. विलंबित झुमऱ्यात चौदा मात्रांची आवर्तने सावकाश चालवणाऱ्या गवयाला तीन मिनिटे म्हणजे दाराशी चपला काढण्याइतका वेळ. १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीस फेऱ्यांहून किंचित अधिक वेगाची, बारीक खाचांची दीर्घ ध्वनिमुद्रिका काढली आणि एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक गाणे मावू लागले. १९५५ साली अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची अशी ध्वनिमुद्रिका अमेरिकेत निघाली. भारतात ही सोय आली तेव्हा खाँसाहेबांची गायकी पूर्ण पिकलेली होती. यंत्र आणि गवई यांची अशी वेळ जुळून येणे हा योग म्हणावा लागेल. मिर्झापूरच्या श्रोत्यांनी जो अवधी दिला नव्हता तो एका चकतीने दिला.

आता मारव्याकडे येऊ. हा सायंकाळचा राग. पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र. पूरिया आणि सोहनी यांचेही स्वर हेच. भेद आहे तो वजनाचा. मारव्यात भार ऋषभ-धैवतावर, आणि षड्ज, जे प्रत्येक रागाचे घर, ते शक्यतो टाळायचे. घराच्या उंबरठ्याशी येऊन पुन्हा परतणे, हाच या रागाचा स्वभाव. सामान्य गवई ही ओढ ताणून दाखवितो. खाँसाहेब ती दाखवीत नाहीत, तिच्यात राहतात. ते मंद्र सप्तकात इतका वेळ रेंगाळतात की पुढे आवाज वर चढतो तेव्हा ऐकणाऱ्यालाच उजेड कमी झाल्यासारखे वाटते. तबलजीचा ठेका साधा, सरळ. सारंगियाचा हा मुलगा आपल्या गाण्यात सारंगी जवळजवळ कधीच घेत नसे. तानपुऱ्यांच्या पोकळीत त्याला दुसरा सूर नको असे.

दरबारीची बाजू अधिक लोकप्रिय आहे, याची कल्पना मला आहे. तिच्यातला आंदोलित गांधार आणि शेवटचा तराणा यांवर लुब्ध झालेले कितीतरी लोक भेटतात. तराण्याचे बोल निरर्थक नसून त्यांना फारसीचा आधार आहे, असे खाँसाहेबांचे प्रतिपादन होते आणि त्यावर त्यांनी बराच विचार केला होता. तरीही मला निवड करायला सांगितली तर मी मारव्याचीच बाजू लावीन.

आमच्या इंदूरच्या मराठी वडीलधाऱ्यांना मात्र हे गाणे चटकन मानवले नाही. त्यांचे कान ग्वाल्हेरच्या अष्टांग गायकीवर आणि नाट्यपदांवर पोसलेले. हा गवई अंतरा का गात नाही, अशी त्यांची तक्रार असे, आणि ती निराधार नव्हती. विलंबित ख्यालात खाँसाहेब पुष्कळदा अंतऱ्याला हातच लावीत नसत. पद अर्धेच म्हटले तर त्याला पद कसे म्हणावे? मराठीचा अध्यापक म्हणून मला हा आक्षेप आजही पुरता खोडता येत नाही. एवढेच म्हणतो की वर्षानुवर्षे ऐकताना मला त्या अंतऱ्याची उणीव कधी भासली नाही.

मला त्यांची मैफल प्रत्यक्ष ऐकायला मिळाली नाही. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कलकत्त्यात मोटार अपघातात ते गेले. १९६७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७१ साली पद्मभूषण मिळून फार काळ लोटला नव्हता. पंडित अमरनाथ, सिंग बंधू यांच्यासारखे शिष्य मागे होते, पण ते दूरच्या शहरांत. ज्या शहराचे नाव या गायकीला लागले, त्या शहरात ती राहिली ती मुख्यतः तबकड्यांतून. त्यांच्यापुढे कधी न बसता केवळ ऐकून ही गायकी गळ्यावर चढविणारे पुढे निघाले. सतारीवर निखिल बॅनर्जींनीही त्यांचे ऋण मानले. यावर जुन्या मंडळींचा आक्षेप असा की हे शिष्यत्व नव्हे, ही नक्कल. तबकडी चूक दाखवीत नाही, थांब म्हणत नाही, रागावतही नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. पण मग त्याच न्यायाने, वहीद खाँ आणि रजब अली खाँ यांना ऐकूनच घडलेल्या अमीर खाँना काय म्हणायचे?

येथे मला एकनाथांचे स्मरण होते. ज्ञानेश्वरी लोकांच्या मुखी राहिली, पाठभेद वाढले, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ख्यालाला अशी प्रत नसते. तो दर मैफलीत नव्याने घडायचा, हाच त्याचा धर्म. ध्वनिमुद्रिकेने त्यातल्या एका दिवसाच्या पाठाला प्रमाण प्रतीचे स्थान दिले आणि आम्ही तिची पारायणे केली. पारायण करणाऱ्याला पुढची ओवी ठाऊकच असते. तो कथा कळावी म्हणून वाचीत नाही. माझेही तसेच आहे. कोणत्या आवर्तनात खाँसाहेब कोठे थांबणार हे मला ठाऊक असते, आणि तरी ते थांबले की मीही थांबतो.

मामांच्या तबकडीवर मारव्याची बाजू झिजली होती. सुईच्या प्रत्येक फेऱ्यात खाच थोडी खरवडली जाते. जी बाजू आवडते तीच आधी खराब होते. त्या प्रतीत विलंबिताच्या मध्यावर एक टक्कन आवाज येई, तो आज सीडीवर नसतो आणि मला चुकल्याचुकल्यासारखे होते.

खाँसाहेबांच्या निधनानंतर खासगी मैफलींची आणि आकाशवाणीवरील गायनाची मुद्रणे बाहेर आली. वेळेचे बंधन नसलेली, अधिक मोकळी, कोठे खोकला, कोठे श्रोत्यांची दाद. अभ्यासकाला ती मोलाची आहेत. काही जाणकार त्यांना तबकडीहून सरस मानतात. मी ती लक्षपूर्वक ऐकली आहेत. अवधी मर्यादित असल्यामुळे त्या १९६० च्या मारव्यात एकही स्वर उगाच आलेला नाही, आणि ती बांधणी त्या लांबलेल्या मैफलींत मला सापडलेली नाही.