एका ‘द’ची किंमत

आजचा विषय युद्धाचाच आहे, पण आज तोफा, रणगाडे नाहीत. आज बोलायचंय एका चिमुकल्या शब्दाबद्दल. तो फ्रेंच मसुद्यात होता, इंग्रजीत नव्हता.

५ जून १९६७ ला इस्रायल आणि अरब देशांमध्ये युद्ध पेटलं आणि सहा दिवसांत संपलं. सिनाई, गाझा पट्टी, पश्चिम किनारा, पूर्व जेरुसलेम आणि गोलान टेकड्या एवढा मुलूख इस्रायलच्या हाती आला. गाझात तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतले आपले जवान होते. शांतिसेना माघारी निघाली असतानाच लढाई सुरू झाली आणि त्यातले काही मारले गेले. त्यामुळे हा इतिहास मला परका वाटत नाही.

पुढचा प्रश्न होता, इस्रायलने मागे कुठवर जायचं? त्या वर्षी भारत सुरक्षा परिषदेचा सदस्य होता. माली आणि नायजेरियासोबत आपण जो मसुदा मांडला, त्यात ‘सर्व’ प्रदेशांतून माघार असं स्पष्ट म्हटलं होतं. तो मतदानापर्यंत पोहोचलाच नाही. २२ नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटनचे लॉर्ड कॅराडन यांचा मसुदा पंधराच्या पंधरा मतांनी मंजूर झाला. तोच ठराव क्रमांक २४२.

इंग्रजीत शब्द होते ‘फ्रॉम टेरिटरीज’, म्हणजे युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून. ‘ऑल’ नाही, ‘द’सुद्धा नाही. फ्रेंचमध्ये झालं ‘दे तेरितुआर’. हा ‘दे’ म्हणजे ‘पासून’ आणि अनेकवचनी ‘द’ यांची संधी. अर्थ निघाला, त्या ठरावीक प्रदेशांतून, म्हणजेच सगळ्या.

मग अनुवादकाने चूक केली का? तसं म्हणता येत नाही. इंग्रजीत अनेकवचनी नाम उपपदाशिवाय बिनदिक्कत उभं राहतं. फ्रेंचला ते सहसा चालत नाही. त्यातून ‘अलीकडच्या संघर्षात व्यापलेले’ असं वर्णन पुढे जोडलं, की फ्रेंच कानाला उपपद हवंच वाटतं. ते गाळलं असतं तर ‘काही प्रदेशांतून’ असा उलट्या बाजूचा अर्थ निघाला असता. इंग्रजीतल्या त्या रिकाम्या जागेला फ्रेंचमध्ये जोडीदारच नव्हता.

गंमत बघा, आपल्या मराठीत उपपद हा प्रकारच नाही. ‘व्यापलेल्या प्रदेशांतून माघार’ हे वाक्य आपण वाचलं, तर त्यात भांडणाचं मूळ आहे याची शंकाही येणार नाही.

मतदानापूर्वी भारताचे प्रतिनिधी जी. पार्थसारथी यांनी सांगितलं, की आम्ही याचा अर्थ सर्व प्रदेशांतून माघार असाच घेतो. कॅराडन यांचं उत्तर असं, की बंधनकारक आहे तो ठराव, आणि त्याची शब्दरचना स्पष्ट आहे! इस्रायलने पुढे इंग्रजी पाठावर बोट ठेवलं. अरब देशांनी फ्रेंच पाठ दाखवला आणि त्याच ठरावाची प्रस्तावनाही दाखवली. युद्धाने मुलूख मिळवणं अमान्य, असं तिच्यात म्हटलेलं आहे. १९७९ च्या करारानुसार सिनाई १९८२ मध्ये इजिप्तला परत मिळालं. गोलान आणि पश्चिम किनाऱ्याचा वाद मात्र आजही चालू आहे.

हा सगळा वाद व्याकरणामुळे झाला असं मी म्हणणार नाही. मुलूख सोडायचा की नाही हे उपपद ठरवत नाही. पण ज्याला सोडायचा नाही, त्याला उपपदाचा आधार मिळतो.

फौजेत हुकूम लिहायला शिकवताना आम्हाला बजावलं जायचं, की ज्याचे दोन अर्थ होऊ शकतात, त्याचा नको तोच अर्थ लावला जाईल. परिषदेत गणित उलटं होतं. ‘सर्व’ हा शब्द घातला असता तर पंधरा हात वर गेले नसते. संदिग्धता होती म्हणूनच ठराव झाला. हे मला समजतं. तरी त्या वर्षी गाझात पडलेले आपले जवान आठवले, की वाटतं, सभागृहात मोकळी सोडलेली जागा शेवटी सीमेवर उभ्या असलेल्या माणसालाच भरावी लागते.