अष्टपैलू खेळाडूच्या घटत्या कामगिरीचे मूल्यमापन : चंदू बोर्डे यांच्या कसोटी कारकिर्दीच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :
चाकण व पिंपरी-चिंचवड हा पुणे जिल्ह्यातील प्रमुख औद्योगिक पट्टा होय. येथील कारखान्यात एका यंत्रावरील कामगारास दुसऱ्या कामावर नेमले, तर पहिल्या यंत्रावरील त्याचे उत्पादन थांबते. परंतु त्यास कोणी कामगाराची अधोगती म्हणत नाही. क्रीडेतिहासाच्या लेखनात मात्र हा विवेक अनेकदा सुटतो. अमेरिकन फुटबॉलमधील ‘टाइट एंड’ हा खेळाडू चेंडू झेलतो, तसेच प्रतिस्पर्ध्यांना अडवून सहकाऱ्यांना वाट करून देतो. त्याचे झेल कमी झाले की उतरण लागल्याची चर्चा होते. अडवणुकीचे काम मात्र आकड्यांत फारसे उमटत नाही. याच स्वरूपाचा प्रश्न पुण्यात जन्मलेले चंदू बोर्डे (जन्म 1934) यांच्या कारकिर्दीतून उपस्थित होतो.

दुहेरी जबाबदारीचा कालखंड :
1958 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईत बोर्डे यांनी कसोटी पदार्पण केले. त्याच मालिकेत, फेब्रुवारी 1959 मधील दिल्ली कसोटीत, त्यांनी 109 व 96 धावा केल्या. मधल्या फळीतील फलंदाज आणि लेगस्पिन गोलंदाज अशी त्यांची दुहेरी भूमिका होती. 1961-62 मध्ये भारताने इंग्लंडविरुद्धची मालिका प्रथमच जिंकली. त्यातील कलकत्ता येथील विजयात बोर्डे यांनी 68 व 61 धावा केल्या आणि सलीम दुराणी यांच्या जोडीने फिरकीचा भारही वाहिला.

गोलंदाजीतील घट व तिची कारणे :
1964 च्या सुमारास खांद्याच्या दुखापतीमुळे त्यांची गोलंदाजी जवळपास थांबली. त्यामुळे कारकिर्दीअखेर 55 कसोटींत 52 बळी, सरासरी 46.48, असा हिशेब उरतो. केवळ या आकड्यांवरून त्यांना सामान्य गोलंदाज ठरविणे सोपे आहे. परंतु याच सुमारास संघाची गरजही बदलत होती. चंद्रशेखर (1964), वेंकटराघवन (1965) व बेदी (1966) यांचे पदार्पण झाले, तर 1967 मध्ये प्रसन्ना संघात परतले. फिरकीची जबाबदारी अशा रीतीने विशेषज्ञांकडे गेली आणि बोर्डे यांच्याकडून मुख्यतः धावांची अपेक्षा राहिली.

ती अपेक्षा त्यांनी पूर्ण केली. ऑक्टोबर 1964 मध्ये मुंबई येथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन गडी राखून मिळविलेल्या विजयात ते 30 धावांवर नाबाद राहिले. त्यांच्या एकूण पाच शतकांपैकी तीन शतके गोलंदाजी मंदावल्यानंतरची आहेत : 1965 मध्ये न्यूझीलंडविरुद्ध 109, डिसेंबर 1966 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध मुंबईत 121 आणि जानेवारी 1967 मध्ये मद्रास येथे 125. म्हणजेच एका रकान्यातील घट ही खेळाडूची घट नव्हती.

फलंदाजीतील उतरण :
याचा अर्थ उतरण कधीच आली नाही, असा नव्हे. मद्रासच्या शतकानंतर त्यांना कसोटी शतक करता आले नाही. डिसेंबर 1967 मध्ये पतौडी जायबंदी असल्याने ॲडलेड येथे त्यांनी नेतृत्व केले व 69 धावा केल्या. तथापि सातत्य ओसरले होते. त्यातच मार्च 1968 ते सप्टेंबर 1969 या काळात भारत एकही कसोटी खेळला नाही. वयाच्या पस्तिशीत हा खंड लहान नव्हता. नोव्हेंबर 1969 मधील मुंबई कसोटी त्यांची अखेरची ठरली. त्यानंतरच्याच कानपूर कसोटीत गुंडप्पा विश्वनाथ यांनी पदार्पणात 137 धावा केल्या. येथे निवड समितीने तरुणांना दिलेले प्राधान्य अन्यायकारक म्हणता येत नाही.

निष्कर्ष :
बोर्डे यांच्या कारकिर्दीत घट दोनदा दिसते. पहिली दुखापत व भूमिकाबदल यांतून आली, तर दुसरी वय व खेळातील खंड यांतून. 3061 धावा व 35.59 ही एकूण सरासरी हे दोन्ही टप्पे एकत्र मिसळते. म्हणून खेळाडूचे मूल्यमापन करताना आकडा घटला का, यापूर्वी त्या काळात त्याच्याकडे कोणते काम सोपविले होते, हे तपासणे आवश्यक ठरते. पुढे बोर्डे यांनी स्वतः राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्षपद भूषविले. ज्यांचे मूल्यमापन होत असे, त्यांच्यावरच इतरांच्या मूल्यमापनाची जबाबदारी आली, ही बाब या दृष्टीने लक्षणीय आहे.