नळदुर्गचे ताबेगहाण : 1853 ते 1860

21 मे 1853 रोजी निजाम नासिर-उद-दौला आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात झालेला करार इतिहासात तह म्हणून नोंदला गेला आहे. कलमे एकेक करून वाचली की मात्र हे सरळसरळ ताबेगहाण आहे, असे दिसू लागते. कर्ज थकले होते, म्हणून जमीन धनकोच्या कब्जात गेली. वसुलातून आधी ठरलेला खर्च आणि व्याज वळते करून घ्यायचे, उरेल ते मालकाला द्यायचे. वऱ्हाड आणि रायचूर दोआब यांच्याबरोबर निजामाच्या पश्चिम सरहद्दीवरचा धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही या गहाणात गेला. तुळजापूरचा टापू त्यातच होता.

कर्ज कशाचे, हा पहिला प्रश्न. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या पगाराचे. फौज निजामाच्या खर्चाने चाले, अधिकारी इंग्रज असत आणि हुकूम कंपनीच्या हैदराबादेतील प्रतिनिधीचा, म्हणजे रेसिडेंटचा चाले. खजिना रिकामा झाला की कंपनी आपल्या तिजोरीतून पगार भागवी आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे लिही. खजिना रिकामा होण्यात दरबाराचा दोष मोठा होता. दिवाण चंदुलाल यांच्या काळात तालुके तालुकदारांना मक्त्याने दिले जात, त्यांच्याकडून आगाऊ रकमा उचलल्या जात, आणि त्या रकमा शेवटी रयतेकडून वसूल होत. कंपनीचा अंमल येण्याआधीही इथली जमीन कुणाच्या ना कुणाच्या देण्यात अडकलेलीच होती.

पण शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन निजामावर होते का? निजाम आणि कंपनी यांच्यातील 1800 च्या तहात तसे कलम नाही. खुद्द गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी 1853 च्या मार्चमधील आपल्या टिपणात हे मान्य केले आहे. 1817 च्या युद्धानंतर निजामाने ही फौज 1800 च्या तहामुळे बाळगली, असे उत्तर द्यायला प्रामाणिक माणूस म्हणून आपण रेसिडेंटला सांगू शकत नाही, असा त्यांचा आशय आहे. तरीही वसुलीचा निर्णय त्यांनी बदलला नाही. या साऱ्या प्रकरणातला मला सर्वांत अस्वस्थ करणारा कागद हाच आहे. दाव्याचा पाया कच्चा आहे हे ठाऊक असूनही जप्ती पुढे नेण्यात आली.

रेसिडेंट कर्नल जॉन लो यांनी निजामाशी झालेल्या भेटींचे वृत्तांत कलकत्त्याला पाठवले. वडिलोपार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणे आणि इमानी फौज मोडणे, या दोन्ही गोष्टी राजाला लाजिरवाण्या आहेत, असे निजामाने सांगितल्याचे त्यात नोंदलेले आहे. मुलूख काही काळापुरताच घेतला तरी चालेल, असे लो यांनी सुचवले. तरी होकार येईना. मग 14 मे 1853 रोजी रेसिडेंटचे सहायक कथबर्ट डेव्हिडसन यांनी दिवाण सिराज-उल-मुल्क यांना चिठ्ठी लिहिली. बोलणी संपली आहेत, फौज हलवण्याची विनंती आजच्या टपालाने जात आहे, आणि पुण्यातील गोऱ्या पलटणींना हैदराबादेवर कूच करण्यासाठी सज्ज राहण्याचे हुकूम सुटल्याचे आपल्या पुतण्याच्या पत्रावरून कळते, असा तिचा मजकूर. आठवडाभरात सही झाली. 26 मे रोजी सिराज-उल-मुल्क वारले आणि त्यांचे चोविशीतले पुतणे सालारजंग दिवाण झाले.

आता कलमे. किमान 5,000 पायदळ, 2,000 घोडदळ आणि 4 तोफखाने एवढी फौज ठेवायची. सुमारे 50 लाख वार्षिक वसुलाचा मुलूख रेसिडेंटच्या एकट्याच्या व्यवस्थेखाली द्यायचा. त्यातून फौजेचा पगार, निपाणीकर आप्पा देसाई यांची चौथाई, काही मराठा पेन्शनरांच्या नेमणुका आणि कर्जावरचे शेकडा 6 व्याज भागवायचे. आणि आठव्या कलमात वचन होते की रेसिडेंट दरसाल जमाखर्चाचा खरा हिशेब निजामाला देईल आणि शिल्लक त्याच्या हवाली करील. मालकी निजामाचीच राहिली होती, कब्जा तेवढा गेला होता. गहाण ठेवणाऱ्याला आपली जमीन परत मागण्याचा जो एकमेव भक्कम आधार असतो, तो या हिशेबाच्या कलमात होता.

नळदुर्गचा कारभार मेडोज टेलर यांच्याकडे आला. 1841 पासून सुरापूर संस्थानाचा कारभार पाहिलेला हा माणूस. 1853 ते 1857 ते इथे होते. त्यांनी जमिनीची मोजणी हाती घेतली, आणि पुढे तुळजापूरच्या पार्श्वभूमीवर ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. त्यांचे आत्मचरित्र 1877 मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. उतारवयात लिहिलेले आणि मुलीने संपादित केलेले हे पुस्तक स्वतःच्या कारभाराबद्दल समाधानाने बोलते, म्हणून ते जपून वापरावे लागते. आणखी एक नाते ध्यानात ठेवावे. टेलर यांचे सासरे विल्यम पामर. निजामाला शेकडा 24-25 व्याजाने कर्ज देणारी, हैदराबादची प्रसिद्ध पामर पेढी त्यांचीच. टेलर यांच्यावर मी त्यावरून आरोप करत नाही. ते कष्टाळू अधिकारी होते. पण एका पिढीत निजामाचा सावकार आणि पुढच्या पिढीत निजामाच्या गहाण मुलखाचा व्यवस्थापक एकाच घरातले होते, ही वस्तुस्थिती आहे.

हिशेब मात्र निजामाकडे गेला नाही. सालारजंग यांचे म्हणणे होते की सिकंदराबाद आणि जालना छावण्यांच्या अबकारीचे उत्पन्न 1812 पासून कंपनीने घेतले, ते निजामाच्या बाजूला जमा धरावे. वर्षाला सुमारे एक लाख धरले तर 41 वर्षांचे 41 लाख होतात. म्हणजे कर्ज जवळजवळ फिटते. 12 ऑक्टोबर 1860 रोजी हैदराबादच्या रेसिडेंटने हिंदुस्थान सरकारला लिहिले की दोन्ही सरकारांच्या मागण्या निःपक्षपातीपणे पाहिल्या असत्या, तर कंपनी रुपयांतल्या या 43 लाखांच्या कर्जाबद्दल निजामावर आपला न्याय्य दावा नव्हता. हे लिहिणारा रेसिडेंट कथबर्ट डेव्हिडसन. 1853 च्या मे महिन्यात पलटणींची बातमी देणारा तोच.

डिसेंबर 1860 मध्ये निजाम अफझल-उद-दौला यांच्याशी नवा करार झाला. हैदराबादी चलनातले सुमारे 50 लाखांचे कर्ज माफ झाले, सुरापूर निजामाला मिळाले, रायचूर दोआब परत आला. धाराशिवचा उल्लेख या करारात नावाने नाही. ‘अहमदनगर आणि सोलापूर कलेक्टरीला लागून असलेले पश्चिम सरहद्दीवरील जिल्हे’ अशा अर्थाच्या शब्दांनी आपला मुलूख परत केलेला आहे. त्याच करारात निजामाने गहाण मुलखाचा मागचा, चालू आणि पुढचा कोणताही हिशेब मागण्याचा हक्क सोडला. वऱ्हाड मात्र राहून गेला आणि 1902 मध्ये सालीना 25 लाखांवर कायमच्या पट्ट्याने गेला.

आता शेजारी पाहा. त्याच सोलापूर, अहमदनगर कलेक्टरीत आणि पुणे, साताऱ्यात याच सरकारने 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा लागू केला. सावकाराच्या कागदापलीकडे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब घेण्याचा अधिकार त्याने न्यायालयाला दिला. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 76 ने ताबा घेतलेल्या गहाणधारकावर स्पष्ट, पूर्ण आणि अचूक हिशेब ठेवण्याचे बंधन घातले. सावकाराला घातलेले हे बंधन सरकारने नळदुर्गात स्वतः पाळले नव्हते. माझ्या मते 1853 चा कब्जा कर्जवसुली म्हणूनही टिकत नाही, कारण हिशेबाशिवाय वसुली होत नाही.

हिशेब मागण्याचा हा धडा आजही लागू आहे. धाराशिव जिल्ह्यात ज्यांच्या घरावर वा दुकानावर, थकलेल्या कर्जापोटी तारणाचा कब्जा घेण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या 2002 च्या सरफेसी कायद्याची 60 दिवसांची नोटीस येते, त्यांनी ती कपाटात ठेवू नये. मुद्दल किती, व्याज किती, भरणा कुठे जमा झाला, हे लेखी विचारावे आणि हरकत नोंदवावी. कलम 13(3अ) प्रमाणे हरकत मान्य नसेल तर बँकेला 15 दिवसांत कारणांसह उत्तर द्यावे लागते. शेतजमिनीवर या कायद्याने कब्जा घेता येत नाही.