होकायंत्र फिरलं म्हणजे खाण सापडली?

कुठे विमानातून चुंबकीय सर्वेक्षण झालं, नकाशावर लाल पट्टा दिसला, की गावात जमिनीचे दलाल आणि खाणीची धास्ती दोन्ही एकदमच पोचतात. म्हणून आज रशियातल्या कुर्स्कबद्दल लिहितोय.

1773 मध्ये इनोखोद्त्सेव या खगोलशास्त्रज्ञाला बेल्गोरोदच्या आसपास होकायंत्र भलतीकडेच वळताना दिसलं. पुढे शंभरेक वर्षांनी मॉस्कोचे प्राध्यापक लेस्ट तिथे गावोगाव फिरून मोजमापं घेऊ लागले. साधारण 200 मीटरवर लोखंड लागेल, असा त्यांचा हिशेब. कुर्स्कच्या स्थानिक मंडळाने (आपली जिल्हा परिषद समजा) पैसे दिले, भोकं पाडली. 200 मीटर ओलांडले तरी लोखंड नाही! मंडळाने हात आखडता घेतला. लेस्ट मात्र स्वतःच्या हिमतीवर वर्षानुवर्षं मोजत राहिले आणि 1918 मध्ये गेले. एप्रिल 1923 मध्ये, यादवी आणि दुष्काळातून जेमतेम सावरणाऱ्या देशात, गुबकिन आणि लाझारेव यांच्या चमूला श्चिग्रीजवळ 167 मीटरवर चुंबकीय क्वार्टझाइट लागला.

मग लेस्ट कुठे अडले? माझ्या मते यंत्रात नव्हे, दगडात. वर सुई जितकी हलते, तितकी ती उथळावरच्या कमी चुंबकीय दगडाने हलेल किंवा खोलवरच्या जास्त चुंबकीय दगडाने. दगड हातात घेऊन त्याचं चुंबकत्व मोजल्याशिवाय खोली सांगणार कशी? त्यात काही दगडांत जन्मापासून मुरलेलं चुंबकत्व असतं, तेही कधी उलट्या दिशेचं. आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळात ते भरपूर आहे.

खरी गंमत पुढे आहे. कुर्स्कला सुई सर्वात जोरात फिरवतो तो क्वार्टझाइट, ज्यात लोखंड 35 टक्क्यांच्या आसपास. 60 टक्क्यांकडे जाणारं श्रीमंत खनिज त्याच्याच माथ्यावर बसलेलं. पण त्यातलं मॅग्नेटाइट गंजून हेमाटाइट झालेलं, म्हणून सुईला त्याचं फारसं काही नाही. ते शोधायला गुरुत्वाकर्षणाची मोजणी जोडीला घ्यावी लागली.

गोव्याचं खनिजही बहुतांशी हेमाटाइटच. तेव्हा कुणी लाल पट्टा दाखवला तर आधी विचारा: इथल्या दगडाचे नमुने तपासलेत का, आणि भोक किती खोल गेलंय?