उघड्या शाळांचे शहर : न्यूयॉर्क, १८९७ ते १९१८

१९१८ च्या शरद ऋतूत इन्फ्लुएंझाच्या साथीने अमेरिकेतील बहुतेक मोठ्या शहरांना शाळांना टाळे लावायला भाग पाडले, तेव्हा शिकागो व न्यू हेवन यांच्याप्रमाणे न्यूयॉर्कनेही आपल्या सुमारे १० लाख विद्यार्थ्यांच्या शाळा चालू ठेवल्या आणि त्याबद्दल अनेक डॉक्टरांचा व पालकांचा रोष ओढवून घेतला. हा निर्णय त्या एका ऋतूत घडलेला नव्हता. त्याची मुळे त्याआधीच्या २० वर्षांत सापडतात.

आरोग्य खात्याने नेमलेल्या डॉक्टरने शाळेत जाऊन मुलांची पाहणी करण्याची पद्धत, म्हणजे शालेय वैद्यकीय तपासणी, अमेरिकेत १८९४ साली घटसर्पाच्या निमित्ताने बोस्टनमध्ये रुजली, आणि १८९७ मध्ये न्यूयॉर्कने सुमारे १५० डॉक्टर नेमून ती स्वीकारली. संसर्गाची शंका असलेले मूल हुडकायचे आणि घरी धाडायचे, एवढेच या डॉक्टरांचे काम असे. मात्र मूल जात असे ते टेनेमेंटमध्ये, म्हणजे मुंबईच्या चाळीची आठवण व्हावी अशा भाड्याच्या दाटीवाटीच्या इमारतीत, जिथे नुकत्याच परदेशातून आलेल्या आईला चिठ्ठीतले इंग्रजी अनेकदा वाचताही येत नसे. त्यामुळे उपचार होत नसत, शिक्षण बुडत असे आणि शाळा सुटल्यावर तेच मूल त्याच सवंगड्यांबरोबर रस्त्यावर खेळत असे. रोगाला शाळेबाहेर काढले, पण वस्तीत तसेच सोडले, हा या व्यवस्थेचा मूलभूत दोष होता.

तो दोष ओळखला परिचारिकांनी, आणि या इतिहासातील खरे वळण तेच आहे. गरीब वस्तीत घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेच्या संस्थापक लिलियन वाल्ड यांनी ऑक्टोबर १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला प्रयोगादाखल एक महिना चार शाळांत पाठवले. खुपऱ्या, नायटा, उवा अशा तक्रारींवर त्या शाळेतच उपचार करीत आणि नंतर मुलाच्या घरी जाऊन पुढची काळजी आईला प्रत्यक्ष दाखवीत. प्रयोग यशस्वी ठरताच शहराने आणखी परिचारिका नेमल्या. सप्टेंबर १९०२ मध्ये शाळेतून घरी धाडलेल्या मुलांची संख्या १०,५६७ होती, ती पुढच्या सप्टेंबरमध्ये १,१०१ वर आली. १९०८ मध्ये डॉ. सारा जोसेफिन बेकर यांच्या नेतृत्वाखाली बालआरोग्याचा स्वतंत्र विभाग उभा राहिला.

१९१६ मध्ये पोलिओने शहरात सुमारे ९,००० जणांना, मुख्यतः लहान मुलांना, गाठले आणि सुमारे २,४०० बळी घेतले, तेव्हा मात्र शाळा उघडणे २५ सप्टेंबरपर्यंत लांबवावे लागले. लहान मुलांनाच निवडून गाठणाऱ्या त्या रोगापुढे दुसरा निर्णय सुचणे कठीण होते. दोन वर्षांनी इन्फ्लुएंझा आला, तेव्हा आरोग्य आयुक्त डॉ. रॉयल कोपलँड व बेकर यांनी उलट हिशेब मांडला. विद्यार्थ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश टेनेमेंटमध्ये राहत असल्याने शाळा त्यांच्या घरापेक्षा मोकळी व हवेशीर होती, आणि तिथे रोज तपासणारी नजरही होती. मुलांनी अंगणात न घुटमळता थेट वर्गात जावे, शिक्षकांनी सकाळीच लक्षणे पाहावीत, आजारी मुलाला वेगळ्या खोलीत बसवावे, आणि घरी पोहोचवल्यावर तिथे त्याला वेगळे ठेवण्याची सोय नसेल तर रुग्णालयात न्यावे, असा क्रम ठरला. इन्फ्लुएंझाचा विषाणू माणसापासून वेगळा करण्यात यश आले ते १९३३ मध्ये. म्हणजे शत्रूची ओळख पटण्याआधीच ही माणसे त्याच्या वाटा अडवीत होती, आणि त्याबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

न्यूयॉर्कचा मृत्युदर दर हजारी ४.७ होता, तर बोस्टनचा ६.५ व फिलाडेल्फियाचा ७.३. या फरकाचे श्रेय केवळ उघड्या शाळांना देणे अभ्यासाला धरून होणार नाही, कारण रुग्णांचे विलगीकरण आणि गर्दी टाळण्यासाठी दुकाने व कचेऱ्यांच्या वेळा विभागण्याचा आदेशही त्याच काळात लागू होता. शिवाय हजारो घरांत माणसे गेलीच. तरीही कोपलँड यांना हा जुगार खेळता आला, तो तपासणी, परिचारिका आणि घरभेट ही यंत्रणा साथीच्या कितीतरी आधीपासून रोजच्या कामात रुळलेली होती म्हणून.