तगादा, धरणे आणि हुकूमनामा

घेणेकऱ्याने देणेकऱ्यावर दाब आणावा, हे व्यवहारात अटळच आहे. परंतु तो कोणी, कोणत्या मार्गाने आणि कुठवर आणावा याचे दंडक प्रत्येक राजवटीने निराळे घडविले, आणि मराठी मुलखात ते एकोणिसाव्या शतकात ज्या रीतीने पालटले, त्या पालटाची झळ रयतेला सत्तांतराइतकीच लागली.

पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर झालेल्या मौंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली सरकारास जो अहवाल सादर केला, त्यात तगाद्याचे तपशीलवार वर्णन आहे. घेणेकऱ्याने मागणीचा लकडा लावावा, देणेकऱ्यावर पहारा बसवावा, त्याचे खाणेपिणे अडवावे, आणि एवढ्यानेही भागले नाही तर डोक्यावर जड धोंडा देऊन त्याला भर उन्हात एका पायावर उभे करावे, इथवर या प्रकाराची मजल जाई. धरण्याची रीत याहून वेगळी. धरणेकरी दारात बसून घरधन्याला उपास घडवी, परंतु जोवर तो उपाशी तोवर आपणही अन्नास शिवत नसे. थकलेल्या रोजमुऱ्यासाठी शिपाई आपल्या सरदारावरही हेच शस्त्र उगारीत, आणि १८०९ साली शिंद्यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या पत्रांत अशा धरण्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. खुद्द थोरल्या बाजीरावासारखा विजयी पेशवाही धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना लिहिताना कर्जाच्या जाचाने गांजून गेलेला दिसतो.

ही पद्धत क्रूर होती, यात संशय नाही. दुर्बळाला तिने अनेकदा भरडून काढले असेल. पण दाब आणणारा समोर उभा असे, सारा गाव ते पाहत असे, आणि धरण्यात तर त्या दाबाचा निम्मा भार खुद्द घेणेकऱ्याच्या देहावर पडे.

इंग्रजी अमलात हे सारे बेकायदा ठरले. १८६० च्या दंडसंहितेतील कलम ५०८ खालचा पहिला दृष्टांतच देवाच्या कोपाचा धाक घालून दारात धरणे धरणाऱ्याचा आहे. त्याच सुमारास, १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कुळाचे हित साधावे म्हणून केलेल्या या कायद्याचा परिणाम मात्र उलटा झाला: मुदत संपण्याच्या आत सावकार नवा रोखा लिहून घेई, थकलेले व्याज मुद्दलात मिळवी, आणि निरक्षर कुणबी त्या कागदावर निशाणी करी. पुढे फिर्याद होई, समन्स निघे, आणि प्रतिवादी गैरहजर राहिला की एकतर्फी हुकूमनामा होऊन बैल, घर, जमीन जप्तीत जात. सावकाराला आता उपास करावा लागत नव्हता, दारात बसावे लागत नव्हते. त्याचे काम सरकारचा बेलिफ करीत होता.

अमेरिकेतील यादवी संपून कापसाचे भाव कोसळल्यावर हा दाब असह्य झाला. १८७४ च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे गावी एका सावकाराने हुकूमनाम्याच्या आधारे कर्जदाराचे घर पाडले, तेव्हा गावाने त्याच्यावर बहिष्कार घातला: न्हावी त्याची हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना, गडी कामाला येईना. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजारात दंगा उसळला आणि पुणे व नगर जिल्ह्यांत पसरला. त्यात रोख बहुतेक ठिकाणी माणसांवर नव्हता, दस्तऐवजांवर होता. रोखे हवाली झाले की ते जाळून जमाव बहुधा शांत होई. ज्या कागदाने दाब अदृश्य केला होता, तो कागदच शेतकऱ्यांनी नेमका ओळखला होता.

चौकशी कमिशन बसले, आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व नगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी कायदा झाला. त्याने कर्जापायी शेतकऱ्याची कैद बंद केली, आणि रोख्यावरच्या आकड्यावर न थांबता हिशेबाच्या मुळापर्यंत जाण्याचा अधिकार न्यायाधीशाला दिला. सावकारी त्याने संपली नाही. पण घेणेकऱ्याला दाब आणण्याची मुभा देणाऱ्या सरकारने त्या दाबाचा हिशेबही तपासला पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्याने मान्य केले, आणि ते मान्य करविण्याचे श्रेय करडे-सुप्याच्या रयतेचे आहे.